गोंदले घटकेत, पुसावे किती दिवसांत?

जून महिना हा आम्हां मुख्याध्यापकांच्या आयुष्यातला दाखल्यांचा महिना. बाहेर धारवाडचा चिकट, न संपणारा पाऊस, आत ओल्या छत्र्यांची रांग, आणि टेबलावर शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा ढीग. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये अशाच एका दुपारी आमचा एक जुना विद्यार्थी समोर येऊन उभा राहिला. चार वर्षांपूर्वी मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा तो किडकिडीत मुलगा आता चांगला उंचनिंच झाला होता. रोज पहाटे धावतो, म्हणाला. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि आपल्या या सीमाभागातल्या किती तरी घरांतून वर्दीचे स्वप्न पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहे. या मुलाच्या घरीही ते होते. त्याला सैन्यभरतीसाठी जन्मतारखेचा दाखला हवा होता.

सही करून कागद त्याच्या हाती दिला, तरी स्वारी हलेना. मग त्याने हळूच शर्टाची बाही वर केली. उजव्या दंडाच्या बाहेरच्या अंगाला काळ्या वेलीच्या वेटोळ्यात एक नाव, आणि शेजारी लाल गुलाब. नाव कोणाचे हे आम्ही विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. कोण्या एका जत्रेत, मित्रांच्या आग्रहाने, तासाभरात गोंदवून घेतलेले ते काम.

"सर, भरतीत हे चालत नाही म्हणतात. लेसर मारलं की जातं ना? महिन्याभरात जाईल?"

वाचकहो, येथे आमच्या हातून चूक घडली. ज्या विषयाचे आपल्याला ज्ञान नाही त्या विषयावर शिक्षकाने गप्प बसावे, हे आम्ही नव्या शिक्षकांना नेहमी सांगत आलो. परंतु त्या दुपारी आम्ही मोठ्या अधिकारवाणीने म्हणालो, "जाईल की! आजकाल विज्ञानाला काय अशक्य आहे? मात्र वेळ दवडू नकोस. लवकर काढून टाक."

मुलाने आमच्या बोलण्यातला 'लवकर' हा एकच शब्द धरला. लेसरवाल्या डॉक्टरांनी अनेक महिने लागतील असे सांगताच तो दुसरीकडे गेला. तेथे कोणी तरी 'पंधरा दिवसांत साफ' असे आश्वासन देऊन दंडावर कसलेसे जहाल द्रव्य लावले. कातडी सोलली गेली, जखम चिघळली, ताप आला. श्रावणात त्याची आई शाळेत आली. पदर सावरत, दाराशीच उभी राहून एवढेच म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं म्हणे, लवकर काढ म्हणून." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर आम्हांला सोपे गेले असते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या मुलाला घेऊन हुबळीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यानंतरच्या वर्षभरात त्यांच्याकडून ऐकून आणि स्वतः वाचून जे समजले, ते या महिन्याच्या सदरात मांडीत आहोत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरांत आज गोंदवून घेतलेली तरुण मुले आहेत, आणि आमच्यासारखे घाईने सल्ला देणारे वडीलधारेही आहेत.

प्रथम भरतीच्या नियमाविषयी. भूदलाच्या भरतीसूचनांनुसार कायमचे गोंदण दोनच ठिकाणी चालते: कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस, आणि तळहाताच्या मागच्या बाजूस. अन्यत्र असेल तर उमेदवार बाद होतो. ज्या आदिवासी जमातींत गोंदणाची परंपरा आहे, त्यांच्या बाबतीत प्रत्येक प्रकरण पाहून सवलत दिली जाते. निमलष्करी दलांचे नियम याहून थोडे निराळे आहेत. तेव्हा दंडावरचा गुलाब हा धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलालाही घरी पाठवू शकतो. मुलांना हे ठाऊक होते ते बहुधा गोंदून झाल्यावर.

आता मूळ प्रश्न. जे तासाभरात गोंदले जाते, ते पुसायला एवढा काळ का लागावा?

आपली त्वचा ही दुमजली इमारत आहे असे समजू. वरचा मजला सतत झडत असतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. मेंदीचा रंग उतरतो तो याच कारणाने. गोंदणाची सुई मात्र खालच्या मजल्यात रंग सोडते, आणि तेथे ही झडण्याची सोय नाही. शरीर या परक्या कणांना शत्रू समजते आणि भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. पण कण एवढे मोठे की ते पचत नाहीत. पेशी पोटात रंग घेऊन जागच्या जागी बसून राहते. ती पेशी मेली तरी सांडलेला रंग नवी पेशी उचलते, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. आपण ज्याला कायमची खूण म्हणतो, ती अशा रीतीने एका पहारेकऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविलेली ठेव आहे.

पहिला लेसर किरण १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून निर्माण केला. त्याच दशकात लिऑन गोल्डमन या त्वचावैद्याने तो गोंदणावर वापरून पाहिला. परंतु आजूबाजूची कातडी न भाजता केवळ रंग कसा फोडावा, याचे शास्त्र अँडरसन व पॅरिश या दोघांनी १९८३ साली स्पष्ट केले. तत्त्व ऐकायला सोपे आहे. प्रत्येक रंग विशिष्ट प्रकाश शोषून घेतो. तो प्रकाश जर एवढ्या थोड्या वेळासाठी टाकला की उष्णता शेजारी पसरण्याआधीच संपावी, तर रंगाचा कण तडकतो आणि शेजारची त्वचा वाचते. हा 'थोडा वेळ' म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश. अलीकडची काही यंत्रे याहूनही लहान क्षणात काम करतात.

लेसर रंग पुसतो, हा आमचा समज येथेच चुकला होता. लेसर रंग फोडतो. तो वाहून नेण्याचे काम शरीराला करावे लागते. फुटलेला बारीक चुरा लसिकेच्या प्रवाहातून हळूहळू निघून जातो, काही लसिकाग्रंथींत जाऊन बसतो. या कामाला आठवडे लागतात. नांगरटीला एक दिवस पुरतो, पण पीक त्याच्या वेळेनेच येते, तसाच हा प्रकार. म्हणून एक बैठक काही मिनिटांत आटोपते आणि दुसरीसाठी निदान सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. घाई करून बैठका जवळ आणल्याने लाभ होत नाही. इटलीतील वैद्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आठ आठवडे किंवा त्याहून कमी अंतराने बैठका घेणाऱ्यांना यश कमी आले. त्याच पाहणीत दहा बैठकांनंतर सुमारे निम्म्या, आणि पंधरा बैठकांनंतर सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे गोंदण नाहीसे झाले होते. उरलेल्यांचे तेवढ्यानेही गेले नाही.

मग कोणाला किती बैठका लागतील, हे आधी सांगता येते काय? अचूक नाही, अंदाज मात्र बांधता येतो. कर्बी आणि देसाई या अमेरिकेतील डॉक्टरांनी २००९ साली त्यासाठी सहा बाबींचे एक कोष्टक मांडले. गुणपत्रिका तयार करण्यात जन्म गेल्यामुळे आम्हांला ते फार पटले. फरक एवढाच, की या परीक्षेत जितके गुण कमी तितके बरे, कारण गुणांची बेरीज म्हणजेच साधारण बैठकांची संख्या.

पहिली बाब त्वचेचा वर्ण. अगदी गोऱ्या कातडीला एक गुण, अगदी सावळ्याला सहा. त्वचेतले नैसर्गिक रंगद्रव्यही लेसरचा प्रकाश शोषते, त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या लोकांवर शक्ती जपून वापरावी लागते. अन्यथा गोंदण जाते आणि जागी पांढरा किंवा काळा डाग राहतो. आपल्या वर्णाला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात, कारण तो वरच्या रंगद्रव्यात कमी अडकतो आणि खोलवर जातो.

दुसरी बाब जागा. मान व चेहरा यांना एक गुण, दंडाला चार, मनगट, पंजा व पाऊल यांना पाच. हृदयापासून जितके दूर, तितका रक्ताचा आणि लसिकेचा ओघ मंद, तितका चुरा उशिरा हलतो.

तिसरी बाब रंगाचे प्रमाण. घरगुती हाताने, एका सुईने गोंदलेल्यास एक गुण, दाट भरलेल्या चित्रास चार. चौथी बाब रंगांचे प्रकार. नुसता काळा असेल तर एक, बहुरंगी असेल तर चार. काळा रंग सर्व प्रकारचा प्रकाश शोषतो म्हणून तो सर्वांत आज्ञाधारक. लाल रंगालाही दुसऱ्या तरंगलांबीने वठणीवर आणता येते. हिरवा व निळा यांना निराळी यंत्रे लागतात. पांढरा, पिवळा आणि कातडीच्या रंगाशी मिळताजुळता रंग हे वर्गातले व्रात्य विद्यार्थी. त्यांतले काही तर लेसर पडताच उलट काळे पडतात. पाचवी बाब, एका गोंदणावर दुसरे गोंदण चढविले आहे काय. आधीचे नाव झाकण्यासाठी वर वाघ काढून घेतला, तर दोन गुण वाढले. आणि सहावी बाब, जागेवर आधीचा व्रण आहे काय. त्याला परिणामानुसार एक, तीन किंवा पाच गुण.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बसून आम्ही मुलाचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर मांडला. वर्णाचे पाच, दंडाचे चार, बऱ्यापैकी दाट रंगाचे तीन, काळ्या-लालाचे दोन. एकूण चौदा. चौदा बैठका म्हणजे मध्ये तेरा अंतरे. सहा आठवड्यांनी धरले तर अठ्ठ्याहत्तर आठवडे, म्हणजे दीड वर्ष. आठ आठवड्यांनी धरले तर एकशे चार आठवडे, म्हणजे बरोबर दोन वर्षे. 'महिन्याभरात' या प्रश्नाचे हे खरे उत्तर. आम्ही ते जूनमध्ये दिले असते तर? पण त्या जहाल द्रव्याने दंडावर जाड व्रण उठविला होता. त्याचे आणखी तीन. आता सतरा. अंतरे सोळा, शहाण्णव ते एकशे अठ्ठावीस आठवडे. म्हणजे लांबच लांब धरले तर अडीच वर्षांच्या जवळ. वर, जखम पूर्ण भरून व्रण स्थिर होईपर्यंत लेसर लावणारच नाही, असे डॉक्टरांनी बजावले. जवळच्या वाटेने मुलाचा प्रवास केवढा लांबविला, हे आकड्यांत पाहताना आमची मान खाली गेली. मुलगा मात्र म्हणाला, "सर, तुमचं गणित बरोबर आहे का, परत बघा." आम्ही परत पाहिले. बरोबर होते.

कोष्टकात नसलेल्या काही गोष्टीही महत्त्वाच्या. इटलीच्या त्याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांना दहा बैठकांत यश येण्याचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. डॉक्टरांनी हे सांगताच मुलाने आमच्याकडे पाहिले नाही, त्यावरून आम्हांला जे समजायचे ते समजले. ऊन हाही मोठा शत्रू. रापलेल्या कातडीवर लेसर धोक्याचा, त्यामुळे उपचाराच्या काळात ती जागा झाकून ठेवावी लागते. पहाटे धावणाऱ्याला ते जमते, दुपारी शेतात राबणाऱ्याला अवघड जाते. ज्यांच्या कातडीवर जखमेनंतर गाठीसारखा जाड व्रण उठतो, त्यांनी ते आधीच सांगावे. मधुमेह, गर्भारपण, चालू औषधे यांपैकी काहीही लपवू नये. आणि उपचाराच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. तो रुग्णाला दिला जात नसेल तर त्या खोलीतून उठून यावे.

त्रास किती होतो, हे आम्ही मुलाला पहिल्या बैठकीनंतर विचारले. बधिर करणारे मलम आधी लावले होते, तरी फोडणीतली मोहरी उडून अंगावर पडावी, तसे लागोपाठ चटके बसले, म्हणाला. किरण पडताच ती जागा पांढरी झाली आणि थोड्या वेळाने तो पांढरेपणा गेला. दोन दिवस सूज, पाचव्या दिवशी खपली. फोड आला तर फोडायचा नाही, खपली ओढायची नाही, मलमपट्टी सांगितल्याप्रमाणे करायची. शाळेत ज्याने एकही गृहपाठ वेळेवर दिला नाही, त्याने हा अभ्यास बिनचूक केला.

या सगळ्या धावपळीत आमच्या मातोश्री घरी बसून वृत्तान्त ऐकत होत्या. त्यांच्या उजव्या हातावर तुळशीवृंदावन आहे, हनुवटीवर एक ठिपका आणि कपाळावर तीन. काजळीचा काळा रंग वयाने निळसर-हिरवा दिसतो आहे. आपल्या या भागात गोंदणाला कन्नडात 'हच्चे' म्हणतात. किळ्ळेक्यात समाजातील स्त्रिया गावोगाव फिरून हे काम करीत, आणि पुरुष चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत. गंमत अशी की या लोकांच्या घरची बोली मराठीच्याच वळणाची. आपल्या मुलुखापासून दूर, कानडी मुलुखात शतकानुशतके राहून त्यांनी ती टिकविली. आपण हुबळी-धारवाडचे मराठी लोक भाषा टिकविल्याचा अभिमान मिरवितो, तेव्हा या गोंदणाऱ्या बायांची आठवण ठेवली पाहिजे.

आम्ही आईला भावनेच्या भरात म्हणालो, "आई, बघ. तुमच्या काळचं गोंदण श्रद्धेनं केलेलं. मरताना दागिने काढून घेतात, पण गोंदण बरोबर येतं म्हणायचे. ते पुसावंसं कुणाला वाटलं नाही."

आई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सौंदत्तीच्या जत्रेत माझे हात दोघींनी धरले होते. सहा वर्षांची होते मी. कुणी विचारलं नव्हतं मला. रडले म्हणून आज्जीनं बत्तासा दिला." आणि थोड्या वेळाने, "त्या पोरानं निदान आपल्या मनानं काढून घेतलं. त्याला रागावू नकोस."

आमच्या पन्नाशी ओलांडलेल्या आयुष्यात आम्ही त्या तुळशीवृंदावनाविषयी आईला प्रथमच विचारले, असे त्या रात्री लक्षात आले. त्यावर आम्ही विद्यार्थ्यांना दोन निबंध लिहायला दिले होते. एरवी आईंचे गोंदण त्या कोष्टकानुसार काढायला तुलनेने सोपे: एकरंगी, घरगुती, विरळ. वर्णाचे पाच, हाताचे पाच, रंगाचे एक, काळ्याचे एक, एकूण बारा. आम्ही थट्टेने तो आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "आता कशाला? ऐंशी वर्षं सोबत आहे. असू दे." मात्र लग्न ठरताना किंवा नोकरीच्या ठिकाणी कपाळावरच्या ठिपक्यांमुळे 'खेडवळ' म्हणून हिणविल्या गेलेल्या मुली डॉक्टरांकडे येतात, हे आम्ही त्या बाहेरच्या खोलीत पाहिले आहे. त्यांना 'परंपरा आहे, असू दे' असे सांगण्याचा अधिकार आईंना असेल, आम्हांला नाही.

आता घरोघरच्या वडीलधाऱ्यांना चार शब्द. मुलाने किंवा मुलीने गोंदण काढण्याचा विषय काढला, तर आधी रागावू नये, आणि आमच्याप्रमाणे 'लवकर' हा शब्दही उच्चारू नये. त्वचारोगाच्या पदवीधर तज्ज्ञाकडेच न्यावे. हुबळीत १९५७ साली स्थापन झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, धारवाडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान सल्ला तरी अशा ठिकाणी घ्यावा. तेथे चार प्रश्न विचारावेत: कोणता लेसर वापरणार, आमच्या वर्णावर तो वापरण्याचा अनुभव किती, अंदाजे किती बैठका, आणि पूर्ण गेले नाही तर काय उरेल. 'एका बैठकीत साफ' असे जो म्हणेल, त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. बाजारातली मलमे, आम्ल, मीठ घासणे, डाग देणे यांच्या वाटेला जाऊ नये. यांनी रंग जाण्याआधी कातडी जाते. भरतीचे किंवा लग्नाचे ठरत असेल, तर हिशेब तारखेपासून मागे मोजावा, आणि दोन वर्षे हाताशी धरावीत.

ज्यांनी अजून गोंदलेले नाही त्यांनी नियम आधी वाचावेत. शिवाय जत्रेतली सुई कितीजणांच्या अंगातून फिरून आली आहे हे पाहावे. अस्वच्छ सुईतून काविळीचे आणि एड्सचे विषाणूही जातात. ती खूण कोणत्याही लेसरने निघत नाही.

तो मुलगा गेल्या वर्षीच्या भरतीला जाऊ शकला नाही. जानेवारीपासून त्याच्या चार बैठका झाल्या आहेत. गुलाबाचा लाल रंग बराच फिकटला आहे, वेल धुरकट झाली आहे, नाव अजून वाचता येते. वयाची मर्यादा कोणासाठी थांबत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून निमलष्करी दलांचे आणि पोलीस भरतीचे नियमही त्याने आणून आमच्या टेबलावर ठेवले आहेत. पहाटेचे धावणे चालू आहे. सिगारेट सोडली, असे त्याची आई म्हणते. बैठकांच्या खर्चातला काही भाग आम्ही उचलावा, असे आम्ही सुचविले, तेव्हा तिने आधी नको म्हटले आणि मग म्हणाली, "अर्धं. सगळं नको."

पाचव्या बैठकीला आम्ही त्याच्याबरोबर हुबळीला जाणार आहोत. पुढचे जसे घडेल तसे वाचकांना कळवूच.